प्रभागात बेघरांविषयी जागृती करायची आहे. लोकांना नेमके काय सांगावे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकला पंचवटीत राहते. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघ, दोन महिला बचत गट आणि एक गणेश मंडळ यांनी मिळून या हिवाळ्यात बेघर माणसांविषयी प्रभागात जागृती करायचे ठरवले आहे आणि आखणीचे काम माझ्याकडे आले आहे.

गेल्या डिसेंबरात, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत असताना, आम्ही रामकुंड ते गाडगे महाराज पूल या पट्ट्यात ब्लँकेटे वाटली होती. लोकांनी उत्साहाने वर्गणी दिली, एका रात्रीत सगळी ब्लँकेटे संपली आणि सकाळपर्यंत छायाचित्रे सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरली. पंधरा दिवसांनी मी पुन्हा घाटावर गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांकडे ब्लँकेट उरले नव्हते. काहींनी ते विकले होते, काहींचे चोरीला गेले होते, तर काहींची बोचकी ते कामावर गेलेले असताना साफसफाईत कचऱ्याबरोबर उचलली गेली होती. हे मी बैठकीत सांगितले, तेव्हा "या लोकांचे काही करून उपयोग नाही" असाच सूर निघाला. माझ्या मनात मात्र घाटावरच्या एका आजोबांचा प्रश्न राहिला आहे. ते म्हणाले होते, "ताई, रात्री पांघरीन, पण दिवसा हे ठेवू कुठे?"

यंदा नुसते वाटप करायचे नाही, लोकांशी बोलायचे आहे, एवढे आमचे ठरले आहे. पण बोलायचे काय? लोकांचे आक्षेप मला पाठ आहेत: ही माणसे बाहेरून आलेली आहेत, काम करायला नको म्हणून भीक मागतात, निवारा उघडला तर परिसर घाण होईल. शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर असल्याने घाट मोकळे करण्याची भाषा आतापासूनच ऐकू येते. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रात्रपाळी (उत्तर १)

ताई, मी पुण्यात एका निवारा केंद्रावर काही वर्षे काळजीवाहक म्हणून काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

त्या आजोबांचा प्रश्न हाच तुमच्या कार्यक्रमाचा मुख्य विषय करावा, असे मला मनापासून वाटते. घर नसणे म्हणजे डोक्यावर छप्पर नसणे, एवढेच आपल्याला दिसते. प्रत्यक्षात घर नसलेल्या माणसाला आधार कार्ड ठेवायला कोरडी जागा नसते, मजुरीचे पैसे ठेवायला कुलूप नसते, अंघोळ करायला पैसे पडतात, आणि अंघोळ झाली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही. माणूस ब्लँकेट विकतो, कारण ते दिवसभर खांद्यावर घेऊन नाक्यावर उभे राहिले तर ठेकेदार त्याला घेत नाही. हे एवढे समजावून सांगितले, तरी "उपयोग नाही" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण विचारात पडतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. तुमच्या पत्रकात 'भिकारी' हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका. आमच्या केंद्रावर येणाऱ्यांत लग्नाच्या हंगामात केटररकडे वाढपी म्हणून जाणारे होते, मंडईतले हमाल होते, हॉटेलात भांडी घासणारे, बांधकामावरचे बिगारी, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायका होत्या. मुलांनी घराबाहेर काढलेले वृद्ध होते, नवऱ्याच्या मारामुळे दोन लेकरांसह निघून आलेली बाई होती, आणि मोठ्या रुग्णालयात आपला माणूस दाखल असल्यामुळे महिनाभर बाहेरच्या पदपथावर झोपणारे नातेवाईकही होते. भीक मागून जगणारे होतेच, त्यांना मी वगळत नाही. परंतु त्यांच्यातही बहुतेक जण आजारी, अपंग किंवा म्हातारे होते, आणि काम करण्याचे वय व ताकद असताना ते काय करत होते हे विचारले, की शहर उभारणीचा अर्धा इतिहास कानावर पडत असे.

तिसरे असे, की निवारा केंद्र हे कोणाचे उपकार नाहीत, हे लोकांना आवर्जून सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात मोठ्या शहरांत लोकसंख्येच्या दर एक लाखामागे एक, वर्षभर चोवीस तास चालणारा निवारा असावा असे आदेश दिले. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी स्वतंत्र योजना आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, माणशी सुमारे पन्नास चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह आणि सामान ठेवायला लॉकर हवेत. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर असे कागदावर आधीच लिहिलेले आहे. आपल्या शहराची लोकसंख्या किती आणि त्या हिशेबाने किती निवारे व्हायला हवेत, हे गणित शाळकरी मुलेही फलकावर मांडून दाखवू शकतील.

निवारे आहेत तिथे लोक का जात नाहीत, हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल. नवरा-बायकोला वेगळे झोपावे लागते, मोठ्या मुलाला आईजवळ राहू देत नाहीत, हातगाडी बाहेर ठेवली तर चोरीला जाते, आणि पहाटे चारला ज्या मंडईत माल उतरवायचा असतो ती पाच किलोमीटरवर असते. कामाच्या जागेजवळ झोपणे हा त्यांच्यासाठी पोटाचा हिशेब असतो. व्यसनामुळे न येणारेही असतात, हे लपवू नका. लपवले तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

जुना रहिवासी (उत्तर २)

मी दुसऱ्या बाजूने लिहितो आहे, कृपया राग मानू नये. आमच्या वसाहतीशेजारच्या बंद शाळेत निवारा केंद्र प्रस्तावित झाले, तेव्हा विरोधाच्या निवेदनावर मीही सही केली होती. आम्ही निर्दय होतो म्हणून नव्हे. रात्री तिथे कोण असणार, स्वच्छतागृहाची निगा कोण राखणार, भांडण झाले तर फोन कोणाला करायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आम्हाला कोणी दिले नव्हते. केंद्र पुढे दुसरीकडे झाले. वर्षभराने एका परिचितासोबत मी तिथे गेलो आणि तिथली भिंतीवरची हजेरी, धुतलेल्या चादरी आणि आठला निजलेली म्हातारी माणसे पाहून मला माझ्या सहीचे वाईट वाटले.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे, की जागृतीच्या नावाखाली रहिवाशांना संवेदनशीलतेचे धडे देऊ नका. त्यांना नाव, पद आणि दूरध्वनी क्रमांक असलेली जबाबदार माणसे दाखवा. शक्य असल्यास दहा-दहा जणांना एखाद्या चालू निवारा केंद्रात घेऊन जा, अर्थात तिथल्या लोकांची परवानगी घेऊन. तासभराच्या भेटीने जे होते, ते शंभर पत्रकांनी होत नाही.

पायरी (उत्तर ३)

मी मुंबईत वकिली करते. या प्रश्नावर मोजणी हीच जागृती ठरू शकते, याचे एक जुने उदाहरण सांगते.

१९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवरील झोपड्या हटवण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटला या नावाने ते प्रसिद्ध आहे. १९८५ च्या निकालात न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे मान्य केले, मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या बायकांना सोबत घेऊन सुमारे ६ हजार कुटुंबांची पाहणी केली. ही माणसे कालपरवा आलेली नसून वर्षानुवर्षे तिथेच राहत आहेत, आणि कामावर चालत जाता यावे म्हणून त्यांनी ती जागा धरली आहे, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. पुढच्याच वर्षी महिला मिलन ही त्या बायकांची संघटना उभी राहिली. 'बाहेरून आलेले' या आक्षेपाला उत्तर द्यायचे असेल, तर तुमच्या घाटावरील प्रत्येकाला "इथे किती वर्षे झाली?" एवढे विचारा आणि उत्तरे मांडा.

सरकारी मोजणीचे म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत बेघरांची नोंद २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. देशभरात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख लोक नोंदले गेले. उत्तर प्रदेशानंतर आपल्याच राज्याचा क्रमांक होता. त्याआधीच्या दहा वर्षांत देशातील एकूण आकडा घटला, शहरांतील मात्र वाढला. पुलाखाली, मंदिराच्या ओवरीत, फलाटावर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत राहणारे लोक जनगणनेच्या 'बेघर' या व्याख्येत येतात. पण त्या एका रात्री जो रात्रपाळीला गेला, ज्याला पोलिसांनी तासभर आधी उठवून लावले, जी बाई भीतीने आडोशाला दडून बसली, ते सगळे निसटतात. म्हणून हे आकडे सांगताना 'किमान' हा शब्द जोडत जा.

आता दोन कायदेशीर गोष्टी, ज्या सामान्य नागरिकाला माहीत असल्या तर तो प्रत्यक्ष उपयोगी पडू शकतो. पहिली मतदानाची. बेघर व्यक्तीला मतदार यादीत नाव नोंदवण्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये ती जिथे झोपते ती जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन खात्री करायची, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. ज्याचे नाव यादीत आहे, त्याच्याकडे नगरसेवक निदान वळून पाहतो.

दुसरी मनोरुग्णांची. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार, रस्त्यावर भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणाखाली घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते, आणि व्यक्ती बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. अशी माणसे बरी होऊन घरी परततात, याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना याच कामासाठी २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्या प्रभागात प्रत्येकाला रोज दिसणारा एखादा 'वेडा' असेलच. त्याचेही एक गाव आहे आणि तिथे त्याची कोणीतरी वाट पाहत असेल, हे सांगितल्यावर लोक फार लक्षपूर्वक ऐकतात.

एक खंत मात्र मांडते. भीक मागण्याला गुन्हा ठरवणारा १९५९ चा मुंबईचा कायदा दिल्लीत लागू होता, तो तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बऱ्याच अंशी रद्दबातल ठरवला. तो कायदा मुळात ज्या राज्याने केला, तिथे मात्र त्यावर पुरेशी चर्चाही होत नाही. या विषयावर तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने एक सायंकाळ ठेवली, तरी मला आनंद होईल.

ओवरी (उत्तर ४)

थोडक्यात दोन सूचना करते. छायाचित्रे काढू नयेत. घरातून पळून आलेल्या बाईचा चेहरा गटांवर फिरला, तर तिचा पत्ता नेमका ज्याला लागू नये त्यालाच लागतो.

आणि दिवस निवडायचा असेल, तर १० ऑक्टोबर हा जागतिक बेघर दिन आहेच. तुम्ही मात्र २० डिसेंबर निवडावा. त्या दिवशी गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. त्यांच्या दशसूत्रीत 'बेघरांना आसरा' हे स्वतंत्र सूत्र आहे, आणि त्यांनी नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या याच जाणिवेतून. तुमच्या घाटावरच्या पुलाला त्यांचे नाव आहे. सिंहस्थात महिनाभर उघड्यावर झोपणाऱ्या यात्रेकरूंसाठी आपण अन्नछत्रे लावतो, ती चांगलीच गोष्ट आहे. त्याच पायऱ्यांवर बाराही महिने झोपणाऱ्याकडे त्याच नजरेने पाहा, हे कीर्तनकाराच्या तोंडून आले तर नाशिककरांना ते परके वाटणार नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज बैठकीत हे सगळे वाचून दाखवले. ब्लँकेटे यंदाही घेऊ, कारण थंडी काही थांबणार नाही, पण वर्गणीतला अर्धा भाग सामान ठेवण्याच्या सोयीसाठी राखून ठेवायचे ठरले. मंडळाची एक खोली गणेशोत्सवानंतर दहा महिने बंदच असते. तिथे कुलुपाच्या वीस पेट्या ठेवता येतील का, हे कार्यकर्ते पाहत आहेत. २० डिसेंबरला कीर्तन आणि त्याआधी दोन रात्री पाहणी करू. "आम्हाला धडे देऊ नका" हे जुने रहिवासी यांचे म्हणणे आमच्या अध्यक्षांना फार पटले आणि एखाद्या केंद्राला भेट देण्याची परवानगी ते स्वतः मागणार आहेत. पाहणीला किती वाजता जावे आणि काय काळजी घ्यावी, तेवढे कृपया सांगावे.

रात्रपाळी

रात्री साडेअकरानंतर जा. त्याआधी यात्रेकरू, फेरीवाले आणि जेवणाच्या रांगेतले लोक यांत कोण कुठे झोपणार ते कळत नाही. तिघा-तिघांचे गट करा, प्रत्येक गटात एक बाई असू द्या आणि पोलीस ठाण्यात आधी कळवून ठेवा. विजेरीचा झोत चेहऱ्यावर मारू नका आणि झोपलेल्याला उठवू नका. नुसती संख्या आणि जागा लिहा. जागे असतील त्यांच्याशी खाली बसून बोला, उभ्याने नाही. आणि पहिल्या रात्री त्या आजोबांना गाठून तुमच्याबरोबर घ्या. घाटावर कोण कुठल्या पायरीवर झोपते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल.