जीन्सच्या वर्णनातले शब्द: काय बघायचं, काय सोडायचं?

वैदर्भी
जीन्स ऑनलाइन घ्यायला बसले की वर्णनातच अडकते. मिड राइज, टेपर्ड, सेल्व्हेज, रॉ, साडेबारा औंस... ३२ कंबर म्हणून मागवावी, तर एका कंपनीची सैल आणि दुसरीची मांडीतून वर चढत नाही. मी नागपूरला शिक्षिका आहे. दिवसभर उभं राहणं, येता-जाता स्कूटी. स्कूटीवर बसलं की जीन्स मागून खाली सरकते, तो त्रास सगळ्यात मोठा. बजेट दोन हजार. यातलं नेमकं काय बघू?

मृण्मयी
वैदर्भी, सरकण्याचं कारण बहुतेक राइज. दोन्ही पाय जुळतात तिथपासून कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर ते राइज. पुढून मोजलं तर आठ इंचांच्या आत लो, नऊ-दहा मिड, त्यापुढे हाय. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे. बसल्यावर मागे जास्त कापड लागतं, ते नसलं की पट्टी खाली ओढली जाते. पुढचा राइज बहुतेक जण देतात, मागचा क्वचितच. तुम्हाला तोच हवाय, विक्रेत्याला विचारून घ्या.

३२ वर विसंबू नका. अंगाला नीट बसणारी एखादी जुनी जीन्स बटण लावून जमिनीवर सपाट पसरा आणि कंबर, मांडी, पुढचा-मागचा राइज, आतल्या शिवणीची लांबी, बॉटम (पायाच्या खालच्या टोकाची रुंदी) अशी मापं टेपने घेऊन मोबाइलमध्ये लिहून ठेवा. साइटवरचा तक्ता अंगाच्या मापांचा आहे की कपड्याच्या, हेही बघा. तुमची यादी कपड्याच्या मापांशीच जुळवायची.

स्ट्रेट गुडघ्याखाली सरळ उतरते, टेपर्ड निमुळती होते, बूटकट पसरते. मांडीत अडकत असेल तर 'रिलॅक्स्ड टेपर्ड' शोधा. नुसतं टेपर्ड लिहिलेली वरून घट्ट असू शकते.

धोट्याचा_आवाज
आमचे इचलकरंजीत साधे माग होते, म्हणून कापडाबद्दल मी सांगतो. डेनिमचा ताणा (उभे धागे) निळा, बाणा (आडवे धागे) पांढरा. नेहमीच्या विणीत ताण्याचा धागा तीन बाण्यांवरून जातो आणि एकाखाली शिरतो. बॉटम उलटा दुमडून बघा, बाहेर निळं, आत पांढरट. इंडिगो, म्हणजे तो निळा रंग, धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच बसतो. घासलं की आतला पांढरा धागा उघडा पडतो, म्हणून जीन्स मांडीवर आणि गुडघ्यावर फिकी होते.

औंस हे एक चौरस यार्ड कापडाचं वजन. एक औंस सुमारे ३४ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), म्हणजे साडेबारा औंसाचे सव्वाचारशेच्या आसपास. नागपूरच्या मे महिन्यात ते अंगावर नको. नऊ-दहा औंस घ्या. त्याहून पातळ मांडीशी लवकर विरते.

सेल्व्हेज, म्हणजे मागावरच बांधला गेलेला काठ, म्हणाल तर माझा जीव त्यात आहे. बाण्याचा धागा वाहून नेणारा धोटा एका काठाकडून दुसऱ्याकडे जातो, बाण्याचा धागा न तुटता वळून परत येतो आणि काठ आपोआप बांधला जातो. पन्हा तीस इंचांच्या आसपास. रॅपियर किंवा एअरजेट या बिनधोट्याच्या मागांवर पन्हा दुपटीच्या घरात आणि विणाई कितीतरी वेगाने, पण तिथे प्रत्येक बाणा काठाशी कापला जातो. सेल्व्हेज महाग पडतं ते यामुळे. तरी बांधलेला काठ दिसला म्हणून कापूस चांगला असेलच असं नाही. दोन हजारांत त्याचा हट्ट धरू नका.

सह्यकडा
शंभर टक्के कॉटनच घ्या ताई. इलॅस्टेनवाली (ताणणारा धागा घातलेली) वर्षभरात गुडघ्यात फुगते.

मृण्मयी
सह्यकडा, रोज स्कूटीवर बसणाऱ्याला एक-दोन टक्के इलॅस्टेनचा फार आराम असतो. चार-पाच टक्के इलॅस्टेन आणि शिवाय पॉलिएस्टर दिसलं तर मीही नको म्हणेन. फक्त कडक इस्त्री आणि गरम पाणी टाळा, त्यानेच ताण मरतो.

वैदर्भी
सगळ्यांचे मनापासून आभार! एक सापडली: ९८% कॉटन, २% इलॅस्टेन, हाय राइज, रिलॅक्स्ड टेपर्ड, साडेनऊ औंस, 'रिन्स वॉश'. मागचा राइज विचारला, जुन्या जीन्सपेक्षा दीड इंच जास्त आहे. काका, रिन्स आणि रॉ यांत फरक काय? आटेल का?

धोट्याचा_आवाज
बिनधास्त घ्या. रॉ म्हणजे शिवल्यावर न धुतलेली. ताण्याची खळ तशीच असते म्हणून कडक लागते, आणि निळा रंग कुर्त्याला, स्कूटीच्या सीटला उतरतो. रिन्स एकदा धुऊन आलेली असते, त्यामुळे मुख्य आटणं होऊन गेलेलं. वर्णनात 'सॅन्फराइज्ड' असेल तर कापड कारखान्यातच आटवलेलं असतं. तसं नसलेलं रॉ कापड पहिल्या धुण्यात दहा टक्क्यांपर्यंतही आटू शकतं.

पहिले काही वेळा उलटी करून गार पाण्यात वेगळी धुवा, सावलीत वाळवा. लांबी कमी करायची ती एकदा धुतल्यावरच. टेलरला सांगा, मूळ बॉटम कापून परत जोडा. खालची फिकी कड तशीच राहते.