मदत हवी आहे : पर्थ ते लंडन थेट विमानाचे अंतर आणि प्रवासाचे खरे तास

नमस्कार. माझी आई पर्थहून लंडनला थेट विमानाने एकटीच जाणार आहे. तिला दर 12 तासांनी एक औषध घ्यावे लागते, आणि प्रवासात स्थानिक घड्याळ न पाहता आधीच्या गोळीपासून तास मोजावेत असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यामुळे प्रवासाला प्रत्यक्ष किती तास लागतील, हे मला शक्य तितके नेमके हवे आहे.

दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेले बृहद्‌वृत्तावरचे, म्हणजे पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरचे सर्वांत कमी, अंतर सुमारे 14,500 किलोमीटर येते. ताशी 900 किलोमीटर वेग धरला तर 16 तासांहून थोडा अधिक वेळ लागायला हवा. पण वेळापत्रकात 17 तासांच्या पुढचा आकडा दिसतो. (तिकिटावरच्या वेळा पाहून मी आधी 10 तासच समजत होते! उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ पर्थच्या 7 तास मागे असते, ते मिळवल्यावर हिशेब जुळला.)

या वाढीव तासाची कारणे मला अशी दिसतात. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पोहोचून थांबेपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणे-येणे त्यात धरलेले असते. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे लंडनला जाताना समोरून येतात. सगळ्या वाटेवर त्यांचा सरासरी वेग ताशी 50 किलोमीटर धरला, तरी 17 तास होतात. परतीच्या वाटेवर तेच वारे पाठीशी असल्याने 15 तास 20 मिनिटे पुरतात. एप्रिल 2024 मध्ये इराणचे हवाई क्षेत्र टाळण्यासाठी वाट लांबली, तेव्हा लंडनकडे जाणाऱ्या विमानाला इंधनासाठी सिंगापूरला उतरावे लागले आणि परतीचे विमान मात्र थेटच येत राहिले, ते याच वाऱ्यांमुळे. नेमकी हीच गोष्ट मला काळजीची वाटते, कारण असा थांबा पडला तर प्रवास कित्येक तासांनी वाढतो.

या मार्गाने प्रवास केलेल्यांना माझी विनंती आहे की, ऋतूनुसार या वेळेत किती फरक पडतो आणि अलीकडे विमान वेळापत्रकाच्या किती आधी वा नंतर पोहोचले, ते सांगावे. वाट बदलल्याची किंवा थांब्याची सूचना प्रवाशांना निघण्यापूर्वी किती आधी मिळते? निघण्याच्या 2 तास आधी एक गोळी दिली, तर दुसरी विमानात 10 तासांनी येईल आणि तिसरी उतरल्यावर साधारण 5 तासांनी. उशीर झाल्यास ही तिसरी गोळीही विमानातच घेण्याची वेळ येईल का, हे मला आधी ठरवून आईला कागदावर लिहून द्यायचे आहे.