मदत हवी आहे: तिसऱ्या वर्षाला डॉर्म नाही म्हणतायत, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

रेवाचीआई
घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. लेकीला पुढच्या वर्षी डॉर्म मिळणार नाही. आधी पहिल्या वर्षाची मुलं, उरलं तर बाकीचे, अशी ईमेल आलीये. प्रतीक्षायादीतला नंबर बघून तर हसूच आलं. बाहेरचं भाडं ऐकून डोळे पांढरे झाले. आम्ही इथे, ती तिथे, मध्ये साडेनऊ तासांचा ड्राइव्ह. शुक्रवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. कुणाची मुलं यातून गेली असतील तर प्लीज सांगा, काय करावं?

खडूस_काका
हो-नाही कुणाला सांगायचंय? कॉलेजला की घरमालकाला? राज्य कुठलं? बजेट किती? मुलीकडे गाडी आहे का? ज्योतिष्यालासुद्धा निदान जन्मवेळ लागते.

मेघना_बे_एरिया
काळजी करू नकोस गं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) मुलांना चारही वर्षं राहायची हमी दिलीये. आणि बाहेर घेतलंत तरी १ जुलै २०२४ पासून इथे कॅलिफोर्नियात एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही. अगदी छोट्या मालकांना थोडी सवलत आहे, पण मोठ्या कॉम्प्लेक्सवाल्यांना नाही.

रेवाचीआई
कॅलिफोर्निया नाही. मिडवेस्ट, मोठं सरकारी विद्यापीठ, नाव नको लिहायला. गाडी नाही. बजेट म्हणजे डॉर्मला देतो तेवढंच.

खडूस_काका
तेवढंच म्हणजे किती? आणि शुक्रवार कसला ते अजून कळलं नाही.

पैसा_वसूल
भाडं म्हणजे पाण्यात पैसे. टू बेडरूम काँडो घ्या, एका खोलीत लेक, दुसऱ्या खोलीचं भाडं घ्या. माझ्या चुलत दिराने हेच केलं, मुलगी पास झाली तेव्हा विकून वर फायदा झाला.

बदामराणी
@पैसा_वसूल, दिरांनी घर कधी घेतलं होतं? सध्याच्या व्याजदराने हप्ता काढून बघा एकदा. शिवाय काही सोसायट्या भाडेकरू ठेवूच देत नाहीत, आधी नियम वाचावे लागतात. आणि शुक्रवारपर्यंत काँडो? भाजी आणायला निघालीये का ती?

पैसा_वसूल
दूरचा विचार करणाऱ्यांसाठी लिहिलं होतं. असो.

बदामराणी
रेवाचीआई, माझा मुलगा विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला शिकायला होता, म्हणून सांगते. तिथे कॅम्पसजवळची बहुतेक घरं एकाच वेळी रिकामी होतात. जुनं लीज १४ ऑगस्टला दुपारी संपतं, नवं १५ ला सुरू. मधली एक रात्र पोरं रस्त्यावर. आम्ही सामान हलवायला यू-हॉलचा भाड्याचा ट्रक घेतला होता, त्यातच गादी टाकून नवरा आणि मुलगा झोपले. मी पुढच्या सीटवर, मांडीवर राइस कुकर. सकाळी बघते तर फूटपाथभर सोफे, दिवे, टेबलं, लोक टाकून गेलेले. तिथे त्याला हिप्पी ख्रिसमस म्हणतात. आमचं डायनिंग टेबल तिथलंच आहे, अजून वापरतो. ज्या गावांत असं असतं तिथे पुढच्या ऑगस्टची घरं आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जायला लागतात. तुमचा शुक्रवार त्यातलाच दिसतोय.

सदाशिवपेठी
आमच्या वेळी पुण्यात हॉस्टेल नाही मिळालं की कॉट बेसिस. मी १९८८ साली शनिवार पेठेत राहायचो. एका खोलीत चार कॉट, कॉटखाली ट्रंक, आंघोळीला नंबर. मेसमध्ये रविवारी फीस्ट, संध्याकाळी सुट्टी. आईवडिलांनी खोली पाहिलीसुद्धा नव्हती. आताची मुलं...

खडूस_काका
झालं सुरू.

तळेगावकर
आरए, म्हणजे डॉर्ममधल्या मुलांवर लक्ष ठेवणारी रेसिडेंट असिस्टंट, व्हायला सांगा. आमची मुलगी दोन वर्षं होती, खोली फुकट, वर जेवण. रात्री दोन वाजता कुणी फायर अलार्म वाजवला की उठायचं, एवढंच.
दुसरं म्हणजे को-ऑप. बर्कलीची विद्यार्थ्यांची सहकारी घरं १९३३ पासून चालू आहेत, अ‍ॅन आर्बरलाही आहेत, तुमच्या गावातही चौकशी करा. आठवड्याला चार-पाच तास घरकाम करायचं, भाडं बाहेरच्यापेक्षा खूप कमी.

रेवाचीआई
आरए विचारलं, तोंड वाकडं केलं. घरकामाचं तर विचारूच नका, इथे चहाचा कप सिंकपर्यंत जात नाही.

बरं, सगळं सांगते. तिने मैत्रिणींबरोबर घर बघून ठेवलंय. सप्टेंबरपासून चाललं होतं म्हणे, मला परवा कळलं. पाच बेडरूमचं जुनं घर, माणशी ८९० डॉलर, बारा महिने. घरमालकाच्या ऑफिसने माझ्याकडे ‘गॅरंटर’ म्हणून सही मागितलीये, ती शुक्रवारपर्यंत. डॉर्मला यंदा १३,८०० भरले.

खडूस_काका
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर! १३,८०० मध्ये जेवण धरलंय ना? आणि ते नऊ महिन्यांचे. ८९० गुणिले १२ म्हणजे १०,६८०. त्यात वीज, इंटरनेट आणि किराणा धरा. डोळे पांढरे होण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न त्या सहीचा आहे. पाच जणांचं लीज एकच आहे की प्रत्येकाचं वेगळं?

रेवाचीआई
एकच. पाचही नावं. ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असं काहीतरी आहे.

बदामराणी
थांबा, सही करू नका!! म्हणजे एक जण सोडून गेला किंवा पैसे बुडवले तर त्याचं भाडं बाकीच्यांकडून, अगदी एकट्या तुमच्याकडूनही वसूल करता येतं. महिन्याला ४,४५०, वर्षाचे ५३,४००. हमीपत्रावर रकमेची मर्यादा नसेल तर तुम्ही त्या सगळ्याला जामीन.

सदाशिवपेठी
म्हणूनच म्हणतो, कॉट बेसिस. आपल्या कॉटचे पैसे आपण द्यायचे, शेजारचा पळाला तर मालक आणि तो बघून घेतील.

खडूस_काका
काका, आज पहिल्यांदा तुम्ही मुद्द्याचं बोललात. विद्यार्थ्यांसाठीच बांधलेल्या बऱ्याच कॉम्प्लेक्समध्ये हेच असतं, खोलीगणिक वेगळं लीज. तोटा एकच, रूममेट कोण येईल ते आपल्या हातात नसतं.

अर्थपूर्ण
एक लक्षात ठेवा, ५२९ खात्यातले (मुलांच्या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातले) पैसे डॉर्मला चालतात, बाहेरच्या भाड्याला नाही.

तळेगावकर
चुकीचं. चालतात. मुलगी निदान हाफ-टाइम शिकत असली पाहिजे आणि कॉलेज राहण्या-जेवणाचा जो आकडा जाहीर करतं त्याच्या आत खर्च हवा. आम्ही दोन वर्षं काढले. पावत्या ठेवा, आणि ज्या वर्षी खर्च त्याच वर्षी पैसे काढा.

अर्थपूर्ण
आमच्या सीपीएने (इथल्या सीएने) वेगळं सांगितलं होतं.

तळेगावकर
सीपीए बदला. (दिवे घ्या.)

मेघना_बे_एरिया
पाचही मुलीच आहेत ना?

रेवाचीआई
तीन मुली, दोन मुलगे. मुद्दामच लिहिलं नव्हतं.

सदाशिवपेठी
!!

बदामराणी
सदाशिवपेठी, नको. खरंच नको. त्या विषयावर वेगळा धागा काढा, मीही येते भांडायला.
रेवाचीआई, बऱ्याच मोठ्या सरकारी विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदेविषयक मदतीचं ऑफिस असतं, लीज वाचून देतात, फुकट किंवा नाममात्र फीमध्ये. लेकीला उद्याच तिथे पाठवा. आणि घरमालकाला लेखी विचारा, हमी फक्त तुमच्या मुलीच्या हिश्श्यापुरती, पाचव्या भागाची, लिहून देतो का. काही जण देतात. उन्हाळ्यात सबलेट करायला, म्हणजे खोली दुसऱ्या कुणाला भाड्याने द्यायला, परवानगी आहे का तेही बघा, नाहीतर जून-जुलैचं भाडं रिकाम्या खोलीचं भराल.

पैसा_वसूल
काँडो असता तर ही कटकटच नव्हती.

रेवाचीआई
अपडेट. रेवा जाऊन आली. तिथल्या बाईंनी पिवळ्या मार्करने साडेचार पानं रंगवून दिली. सबलेटला मनाई, शिवाय घर सोडताना कार्पेट धुण्याचे पैसे वेगळे. हमी हिश्श्यापुरती करा म्हटलं तर ऑफिसवाला म्हणाला, घ्यायचं तर असंच घ्या, रांगेत दुसरे आहेत. मी नाही म्हटलं. लेक दोन दिवस बोलली नाही. मग काल रात्री तिनेच फोटो पाठवला, त्या पाचातल्या दोघी मिळून खोलीगणिक लीजवालं बघितलंय. ९४० माणशी, कॅम्पसपासून दीड मैल, बस दारात. अजून सही नाही. यातही हमी आहेच, पण फक्त तिच्या खोलीची. स्वयंपाकघर चौघींत एक, इलेक्ट्रिक कॉइलवाली शेगडी.

तळेगावकर
कॉइलवर पोळ्या छान होतात, लोखंडी तवा जड घ्या. फुलके हवे असतील तर वर जाळी ठेवायची.

मेघना_बे_एरिया
जाळी इंडियन स्टोअरमध्ये मिळते. मुलगी पोळ्या करते का पण?

रेवाचीआई
नाही. टॉर्टिया भाजते.

खडूस_काका
डिपॉझिट किती?