टिम हो वानचा बाव की लिन हेउंगची गाडी? हाँगकाँगचं डिमसम जोखायचं कशावर?

कोवलूनकर

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की ठरलेला प्रश्न असतो, "डिमसम (चहाबरोबर खायचे टोपलीतले छोटे पदार्थ) खायला कुठं नेताय?" आणि त्यावरून इथल्या मराठी मंडळींत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो टिम हो वान. दुसरा म्हणतो, ते सगळं पर्यटकांचं, खरं डिमसम सेंट्रल भागातल्या लिन हेउंगसारख्या जुन्या चहाघरात, जिथं टोपल्या ढकलगाडीवरून फिरवतात. मी उघडउघड पहिल्या तटातला. कारणं देतो, मग खुशाल तुटून पडा.

माक क्वाय पुय हे फोर सीझन्स हॉटेलातल्या लुंग किंग हीन या रेस्टॉरंटचे माजी डिमसम शेफ. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिनच्या २००९ च्या यादीत तीन तारे मिळवणारं जगातलं पहिलं चिनी रेस्टॉरंट ते हेच. २००९ मध्येच या गृहस्थांनी मोंग कोकमध्ये जेमतेम वीसेक खुर्च्यांचं टिम हो वान हे दुकान टाकलं आणि पुढच्याच यादीत त्यालाही एक तारा मिळाला. पंचतारांकित हात आणि गल्लीतला भाव.

त्यांचा भाजलेला छा सिउ बाव, म्हणजे सारण भरलेला पाव, खाल्लाय का? नेहमीचा बाव वाफवलेला, पांढरा, डोक्यावर तीन पाकळ्यांत उकललेला असतो. हा ओव्हनमधला. वरती साखर, मैदा आणि स्निग्धाचं खुसखुशीत कवच, बोट टेकवलं तरी भुगा पडतो. आत डुकराच्या मांसाचं गोडसर, चकचकीत सारण. एका बशीत तीन येतात आणि चौघं असलात तर भांडण ठरलेलं.

माझं म्हणणं एवढंच, की ऑर्डर दिल्यावर वाफेवर चढणारं डिमसम हे दालनभर चकरा मारून आलेल्या डिमसमपेक्षा सरसच असणार. जुन्या आठवणींचे उमाळे यात आणू नयेत.

चहाबाज

साफ असहमत. एका बावाच्या जोरावर अख्खा खटला जिंकायला निघालात तुम्ही.

लिन हेउंगचं मूळ ग्वांगझौमधलं, १८८९ सालचं. वेलिंग्टन स्ट्रीटवरचं चहाघर ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झालं तेव्हा लोक हळहळले आणि २०२४ मध्ये त्याच जागी पुन्हा उघडलं तेव्हा धावत गेले. हे निव्वळ उमाळे नाहीत. तिथं डुकराच्या काळजाचा तुकडा माथ्यावर ठेवलेलं सिउ माय (उघड्या तोंडाचा मोमोच म्हणा) मिळायचं. हाताच्या मुठीएवढा, कोंबडीच्या तुकड्यांनी ठासून भरलेला मोठा बाव मिळायचा, एक खाल्ला की सकाळ भागली. कागदावर पेन्सिलीनं खुणा करून ऑर्डर द्यायच्या दुकानांत हे पदार्थ शोधून दाखवा. त्यांना वेळ लागतो, मागणी कमी, म्हणून यादीतून केव्हाच गळाले.

आणि डिमसम म्हणजे नुसती टोपली का हो? परक्या माणसांच्या टेबलावर मिळेल तिथं टेकायचं, झाकणाच्या कपात बो ले (पु-अर) चहा, किटली घेऊन फिरणारा म्हातारा वेटर, त्यानं पाणी ओतलं की टेबलावर दोन बोटं वाजवून आभार. गाडी स्वयंपाकघरातून बाहेर पडली की घेतलेल्या टोपल्यांची नोंद होते ते आपलं कार्ड घेऊन उठायचं आणि आजीबाईंच्या आधी पोचायचं. (आजीबाईंच्या आधी कोणीच पोचत नाही.) तुमच्या दुकानात वीस मिनिटांत जेवा आणि खुर्ची सोडा.

कोवलूनकर

काळजाचं एवढं कौतुक असेल तर टिम हो वानच्या गाजलेल्या चार पदार्थांत डुकराच्या काळजाचा छेउंग फन, म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली गुंडाळी, आहे. बाकीचे तीन म्हणजे हा बाव, तव्यावर परतलेली मुळ्याची वडी लो बाक गो आणि मा लाय गो नावाचा वाफवलेला केक. तेव्हा जुनं सगळं गळालं हे काही पटत नाही. आजीबाईंशी शर्यत हा पदार्थाचा गुण नव्हे.

उकडहंडी

दोघंही हार गावबद्दल चकार शब्द काढत नाही याचं नवल वाटतं. ग्वांगडाँगी माणूस नवीन ठिकाणी गेला की आधी कोळंबीचं ते हार गाव मागवतो. बाव मैद्याचा, त्यात बऱ्याच चुका खपून जातात. हार गावमध्ये काहीच लपत नाही.

पारी कशाची असते बघा. पिठातलं ग्लुटेन धुऊन काढल्यावर उरतं ते गव्हाचं सत्त्व, म्हणजे आपल्या कुरडईच्या चिकाचा सख्खा भाऊ. त्यात थोडा टॅपिओका स्टार्च. त्यावर उकळतं पाणी एकदम ओतायचं, लगेच ढवळून झाकायचं. पाणी जरा कोमट झालं की पीठ एकजीव होत नाही, आणि मग लाटताना कडा फाटतात. लाटणंही नसतं, तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्यानं गोळी एका फटक्यात दाबून फिरवतात. मग कळ्या, किमान सात, शक्यतो दहा, आणि सगळ्या एकाच बाजूला. आत कोळंबी, थोडी चरबी, बारीक चिरलेला बांबूचा कोंब. कोळंबी आधी मीठ-स्टार्चनं चोळून गार पाण्याखाली खूप वेळ धुतात, तेव्हा कुठं दाताखाली ती करकरते.

हे हार गाव वाफेवरून उतरल्यावर काही मिनिटं काचेसारखं राहतं. नंतर पारी घट्ट होते, टोपलीच्या तळाला चिकटते. गाडीत खाली उकळतं पाणी ठेवलं तर वरून ओलसर नि खालून चिकट. कोवलूनमधल्या एका गाडीवाल्या हॉलमध्ये (नाव घेत नाही) काड्यांनी उचललं तर पारी कागदाला आणि कोळंबी उघडीवाघडी माझ्या हातात.

म्हणून हार गाव, छेउंग फन आणि तळलेलं काहीही गाडीवरून घेऊच नये, तिथं कोवलूनकरांचं बरोबर. पण फुंग जाव, म्हणजे कोंबडीचे पाय, आधी तळून, मग भिजवून, काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवलेले असतात. त्यांना गाडीत अर्धा तास जास्त मिळाला तर उलट बरंच. तीच गत कमळाच्या पानातल्या चिकट भाताची आणि बरगड्यांची. गाडी वाईट की ऑर्डरचा कागद वाईट हा वादच मला अर्धवट वाटतो. कुठल्या टोपलीबद्दल बोलताय ते आधी सांगा.

चहाबाज

ताई, फुंग जावबद्दल शंभर टक्के. पण हार गावलाच परीक्षक का करायचं? ते शेफच्या हाताचं परीक्षण झालं. चहाघर मी सकाळच्या दोन तासांवर जोखतो, पारीच्या पारदर्शकतेवर नाही.

भोचक

स्टॅनली स्ट्रीटचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून आलो. लुक यू टी हाउस, १९३३ सालचं. छताला पंखे, लाकडी कप्पे, रंगीत काचा, पांढऱ्या डगल्यातले वेटर. डिमसमची यादी दर आठवड्याला बदलते. त्यामुळे "इथला अमुक पदार्थ खा" असं कोणी ठामपणे सांगितलं तर समजायचं की स्वारी एकदाच जाऊन आलीय. गाडी नाही, रांगेत तासभर उभं राहणं नाही. तुमचे दोन्ही तट लुक यूला महाग म्हणून टाळतात आणि वर तत्त्वाच्या गप्पा मारतात.

कोवलूनकर

भोचकराव, महाग म्हणूनच टाळतो, त्यात लाज कसली? टोपल्यांचे भाव लहान, मध्यम, मोठी, खास असे चढत जातात. त्यावर माणशी चहाचे पैसे, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क. सहा पाहुण्यांना घेऊन लुक यूला जा आणि मग तत्त्वाबद्दल बोलू.

घासफूस

शाकाहारी पाहुणे आले तर? मागच्या वेळी "मुळ्याची वडी आहे ना" म्हणून कोणीतरी आमच्या सासूबाईंसमोर लो बाक गो ठेवली. त्यात चिनी सॉसेज आणि सुकी कोळंबी! नशिबानं मी आधी विचारलं. छा सिउ बाव तर बोलायलाच नको, कवचातसुद्धा चरबी असू शकते.

उकडहंडी

@घासफूस, या वादातल्या तिन्ही ठिकाणी सासूबाईंना नेऊ नका. डायमंड हिलला नान लियान उद्यानात ची लिन मठाचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, तिथं डिमसमही मिळतं. बौद्ध मठांच्या पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मासातही अडचण यायची नाही.

घासफूस

वा! हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तुमचं चालू द्या.

भोचक

मग ठरवा ना एकदाचं. एकाच दिवशी दोन्हीकडे जा, दोन्हीकडे तेच पदार्थ मागवा. हार गाव ताईंसाठी, सिउ माय चहाबाजांसाठी, वाफवलेला साधा बाव कोवलूनकरांसाठी. भाजलेला नाही हं, तो एकाचाच हुकमी एक्का आहे.

कोवलूनकर

मान्य. दुपारी अडीचला निघू. जेवणाची गर्दी ओसरते आणि बऱ्याच ठिकाणी त्या वेळेला टोपल्या स्वस्त होतात.

चहाबाज

अडीचला गाडीवर काय उरतं, माशा? सकाळी सातला या.

कोवलूनकर

सातला आमचं दुकान उघडत नाही.

चहाबाज

बघा, तुमच्याच तोंडून आलं.