कमोडची टाकी गळतेय, नुसतं रबर बदलून भागेल का?

घरकोंबडा:
कमोडच्या आत मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार सारखी चालू असते. रात्री सामसूम झाली की टाकी मध्येच आपोआप भरायला लागते, जरा फुसफुसते आणि गप्प बसते. फ्लश कोणीच केलेला नसतो. टाकी चिनी मातीची, कमोडवरच बसवलेली, वर दोन बटणं. बाहेर फरशीवर थेंबही नाही.
आधीच सांगून ठेवतो: टाकी बदलायची नाही, कमोड बदलायचा नाही, प्लंबर बोलवायचा नाही. खर्च करायची तयारी आहे ती फक्त एका रबराची. कुठलं घ्यावं?

टिल्लू:
रबराच्या नादी लागू नका, टाकीच बदला. आम्ही भिंतीत लपवलेली घेतली. बाहेर नुसती बटणाची पाटी दिसते, आवाज नाही की काही नाही. पाहुणे हमखास विचारतात.

घरकोंबडा:
टिल्लूशेठ, वर काय लिहिलंय ते वाचलंत का?

टिल्लू:
वाचलं. तरीच सांगतोय.

रेघोट्या:
काहीही विकत घ्यायच्या आधी पाणी जातंय कुठून ते बघा. टाकी पूर्ण भरू द्या, आतून पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीची खूण करा, खालचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा आणि अर्धा तास कोणाला आत जाऊ देऊ नका. पाणी खुणेच्या खाली गेलं तर फ्लश व्हॉल्व्हखालचं (बटण दाबल्यावर पाणी सोडणाऱ्या भागाखालचं) सील, म्हणजे तुमचं ते रबर, गेलं. खुणेवरच राहिलं आणि धारही थांबली, तर सील ठणठणीत आहे, दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा: फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर चढणारा तरंगता भाग, पाणी वेळेवर बंद करत नाही आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये जातं. मग रबर बदलून काडीचाही उपयोग नाही, फ्लोट खाली घ्यावा लागेल. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापेक्षा साधारण इंचभर खाली हवी.
तुमची टाकी थांबून थांबून भरतेय म्हणजे बहुतेक सीलच. पण खात्री करा.

उंटावरचा:
अँगल कॉक बंद करा म्हणणं सोपं आहे! आमचा कित्येक वर्षं कोणी हलवला नव्हता. फिरवला आणि दांड्याच्या बुडातून पाणी यायला लागलं. टाकी राहिली बाजूला.

रेघोट्या:
दांड्याभोवतीचा नट पान्याने किंचित आवळायचा, बहुतेक वेळा तेवढ्यावर थांबतं. किंचितच हं, पैलवानकी नको.

सुगरण:
टाकीत खायचा रंग टाका आणि फ्लश न करता थांबा. कमोडमध्ये रंग उतरला तर सील गेलं. मी बीटाचा रस वापरला होता, छान दिसतं.

टिल्लू:
कमोडमध्ये बीटाचा रस? घरातल्या कोणी अचानक पाहिलं तर थेट डॉक्टरकडे जायचे.

पाणीवाला बाबा:
मुळात एवढं पाणी लागतं कशाला? टाकीत वीट ठेवा. आमच्याकडे आहे, दर फ्लशला तेवढं पाणी वाचतं.

उंटावरचा:
बाबा, वीट पाण्यात झिजते. तिची कचकच सीलखाली बसली की मग आहेच धार. ठेवायचीच तर पाण्याने भरलेली बाटली, झाकण घट्ट लावून.

पाणीवाला बाबा:
आमची वीट नाही झिजत.

उंटावरचा:
आणि धार?

पाणीवाला बाबा:
थोडी आहे. तिचा विटेशी संबंध नाही.

कुंपणावरचा:
सीलभोवती सिलिकॉन भरून पॅक करून टाका. विषय संपला.

रेघोट्या:
आणि फ्लश? ते सील दर वेळी उचललं जायला हवं हो.

मधली सुट्टी:
रेघोट्यांना +१. आता मुद्द्याचं. दोन बटणांच्या टाकीत मधला उभा डबा असतो तो फ्लश व्हॉल्व्ह. अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, डबा धरून डावीकडे पाव वळसा द्या आणि वर उचला. बहुतेक मॉडेलमध्ये असाच निघतो; हलत नसेल तर खटका शोधा, जोर लावू नका. बुडाला रबराची किंवा सिलिकॉनची चकती दिसेल. नख फिरवून बघा, गोल खाच पडलेली लागेल, बसायच्या कडेचा ठसाच तो. ती चकती घेऊनच दुकानात जा. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही जुळायला हवं. ‘अंदाजे एवढी’ चालत नाही.
आणि टाकीत ज्या कडेवर ती बसते त्या कडेवरून बोट फिरवा. क्षाराचे खडे असतील तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, नाहीतर नवी चकतीही गळणार. खरवडू मात्र नका. व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं.

सुगरण:
टाकीत टाकायच्या त्या निळ्या वड्याही नकोत. क्लोरीनवाल्या असतील तर रबर खातात.

जुनं ते सोनं:
आमच्या सायफनच्या टाकीला ही भानगडच नाही. पाणी आतल्या वाकड्या नळीच्या बाकावरून चढल्याशिवाय खाली येतच नाही, सील गळणार कुठून? आतला पडदा फाटला की चार वेळा खेचावं लागतं, एवढंच.

टिल्लू:
चार वेळा खेचण्यापेक्षा गळलेलं परवडलं.

घरकोंबडा:
अपडेट. पेन्सिलीची खूण केली, पाणी उतरलं, म्हणजे सीलच. डबा काढला. चकतीला खाच पडलेली होती, पण वरची बाजू कोरी करकरीत. उलटी करून तीच बसवली. धार बंद. रबरही घेत नाही आता.

मधली सुट्टी:
अहो, हा तात्पुरता उपाय आहे! जुनं रबर कडक झालेलं असतं, तीही बाजू जाणार. डबा हातात होता तेव्हाच माप तरी घ्यायचं.

रेघोट्या:
+१. निदान नवी चकती आणून ठेवा.

घरकोंबडा:
गळायला लागली की बघू.

कुंपणावरचा:
धागा वर आलाच आहे तर विचारतो, आमच्या कमोडचं झाकण धाडकन आपटतं. काय करावं?

टिल्लू:
कमोड बदला.