मदत हवी आहे: नाश्ता सेंटरसमोरची पत्र्याची शेड 'खुली जागा' धरतात का?

पुण्यात आमचं छोटं नाश्ता सेंटर आहे. आत कोणी सिगारेट ओढत नाही. आसनं 30 पेक्षा कमी, त्यामुळे वेगळी स्मोकिंगची जागा ठेवायची मुभा नाही, आणि ती आम्हाला नकोच आहे.

अडचण दारापुढच्या शेडची. वर पत्रा, तीन बाजू उघड्या, खाली उभ्याने चहा प्यायची टेबलं. लोक शेजारच्या टपरीवरून सिगारेट पेटवून येतात आणि चहा आमच्याकडे घेतात. धूर सरळ आत, तव्यापाशी. तिथे डोसे घालणाऱ्या मावशींना दमा आहे. हे मला खरंच सहन होत नाही.

सिगारेट-तंबाखूबाबतच्या 2003 च्या कायद्याचं कलम 4 (सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी) आणि 2008 चे नियम वाचलेत. 60 बाय 30 सेंटिमीटरचा धूम्रपानबंदीचा फलक लावलाय, अ‍ॅशट्रे-काडेपेटी ठेवत नाही. गिऱ्हाइकांना विनंती केली की "उघड्यावर तर उभे आहोत" म्हणतात. टपरीवाले दादा समजूतदार आहेत, पण त्यांचाही धंदाच तो. जागा भाड्याची, त्यामुळे शेड काढणं किंवा बांधकाम करणं शक्य नाही.

कायदा 'सार्वजनिक जागे'तून खुली जागा वगळतो, पण नियमांत स्टेडियम, बसथांब्यासारख्या लोकांची ये-जा असलेल्या जागांना ती सूट नाही. मग आमची शेड सार्वजनिक जागेत मोडते का? मोडत असेल, तर 200 रुपयांपर्यंतचा दंड फक्त ओढणाऱ्याला, की आम्ही रोखलं नाही म्हणून आम्हालाही? आणि हॉटेल चालवणाऱ्यांपैकी कोणी गिऱ्हाईक न दुखावता हे थांबवलंय का, कसं?