कॅल्गरीचा बर्फ आणि तिथला लहरी वसंत: सोलापुरातून काय न्यावं, तिथं काय घ्यावं?

बाळीवेसकर
धाकटा भाऊ, भावजय आणि साडेतीन वर्षांची पुतणी गड्डा (सिद्धेश्वरांची जत्रा) उरकला की जानेवारीअखेर कॅनडात कॅल्गरीला राहायला चाललेत. घर बेसमेंटमधलं, भाड्याचं. करारात ‘समोरच्या फुटपाथवरचा बर्फ भाडेकरूनं काढायचा’ असं लिहिलंय. आपल्याकडं थंडी म्हणजे पहाटे १२-१३ अंश, तीही नऊ वाजेपर्यंत. तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा आहेत. आईच्या यादीत नवी पेठेतून घ्यायची तीन जाड जॅकेटं, सुती बनियनं डझनभर, तीन सोलापुरी चादरी आणि दहा किलो ज्वारीचं पीठ आहे. यातलं काय ठेवू, काय काढू? बर्फ काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि मार्चनंतर सुटका होते ना?

बो_नदीकाठ
सुटका नाही ओ. एप्रिलात बर्फ हमखास, मे महिन्यातही पडतो.

आधी कपडे. जॅकेटं आणि बूट यादीतून काढा, तिथं पोचल्यावर घ्या. सोलापुरातली जॅकेटं जाड दिसतात, पण शिवणीतून आणि चेनमधून वारा आत घेतात. अंगात तीन थर हवेत. अंगालगत मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड) किंवा लोकरी स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट. अंगालगत सुती बनियन नको. बससाठी पळताना आलेला घाम सूत पिऊन ठेवतं, वाळत नाही, आणि थांब्यावर उभं राहिलं की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. डझनातली चार ठेवा, घरात वापरायला.

बूट अर्ध्या ते एक मापानं मोठे घ्या. आत जाड लोकरी मोजा घालूनही बोटं हलली पाहिजेत. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्तही नीट फिरत नाही आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही, म्हणजे दोन मोज्यांत पाय जास्त गार पडतात. तळवा मऊ रबराचा बघा, कडक तळवा थंडीत आणखी कडक होतो आणि घसरतो. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चार बोटं एकत्र राहणारे घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात.

तापमानाबरोबर ‘विंड चिल’चा, म्हणजे वाऱ्यामुळं अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा आकडा रोज बघायचा. तो -२८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, -४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. कान, नाक, गाल आधी जातात. कातडी पांढरट पडून बधिर झाली तर चोळू नका, बर्फानं तर अजिबात नाही. आत येऊन कोमट पाण्यात धरा. पाण्याचा अंदाज दुसऱ्यानं घ्यावा, बधिर बोटाला चटका कळत नाही. ऊब येऊनही बधिरपणा गेला नाही किंवा फोड आले तर डॉक्टरकडे जायचं.

पुतणीसाठी दोन गोष्टी. गळ्याभोवती मफलर नको, डोक्यातून घालायची गळपट्टी घ्या. घसरगुंडीत मफलर अडकतो. आणि गाडीतल्या बाळखुर्चीत जाड जॅकेट घालून पट्टा लावू नका. जॅकेट दाबलं जातं आणि धडकेत पट्टा ढिला निघतो. पातळ फ्लीसवर पट्टा आवळायचा आणि जॅकेट वरून उलटं पांघरायचं.

फावडं_आणि_मीठ
करारातल्या ओळीबद्दल. कॅल्गरीत बर्फ पडायचा थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरचा फुटपाथ काँक्रीट दिसेपर्यंत मोकळा करावा लागतो, नाहीतर पालिका करून घेते आणि खर्च घरमालकाच्या नावावर टाकते. त्यामुळं घरमालक पाठीमागं लागणारच. पण २४ तास वाट बघूच नका. ताजा बर्फ भुसभुशीत असतो, वरून चार माणसं चालली की दबून फरशीला चिकटतो आणि मग फावड्यानं निघत नाही, खरवडावा लागतो.

रुंद, किंचित वाकडं, ढकलायचं फावडं घ्या. बर्फ उचलायचा नाही, कडेला ढकलायचा. जानेवारीतला कोरडा बर्फ चौरस मीटरभर जागेवर १० सेंटिमीटर साचला तर पाच ते दहा किलो भरतो, एप्रिलातला ओला तेवढाच बर्फ वीस किलोच्या पुढं जातो. एप्रिलात पाठ धरते ती यामुळं. फावड्याला आधी थोडं तेल चोळा, ओला बर्फ चिकटत नाही. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी हे काम करूच नये. गार हवेत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यात एकदम जोर पडतो.

मीठ बर्फ काढल्यावर टाकायचं, बर्फाच्या ऐवजी नाही. साधं मीठ -१० च्या आसपास काम सोडतं. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागतं, ते साधारण -२५ पर्यंत चालतं. त्याहूनही गार असेल तर नुसती वाळू टाका, वितळत नाही पण पाय धरतो. माप म्हणाल तर सहा मीटरच्या वाटेला कॉफीचा एक मग पुरे. पोतं रिकामं करणारे लोक पुढच्या वर्षी उखडलेल्या काँक्रीटच्या नावानं बोटं मोडतात.

जुळे_सोलापूर
पायऱ्यांवर, गाडीच्या काचेवर कढत पाणी ओतलं तर लवकर नाही का निघणार?

फावडं_आणि_मीठ
नको! -२० ला काच तडकते. पायरीवर ओतलेलं पाणी दहा मिनिटांत आरसा होतं. काचेसाठी खरवडणी आणि ब्रश, गाडी सुरू करून हवा काचेवर. टपावरचा बर्फही झाडायचा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला सगळा पुढच्या काचेवर येतो. आणि गाडी बर्फात रुतली असेल तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलेलं असलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वास नसतो.

बो_नदीकाठ
गाडीचं निघालंच आहे तर: टायरच्या बाजूवर डोंगर आणि त्यात हिमकणाचं चिन्ह बघून चारही टायर हिवाळी घ्या. ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं. तापमान साडेपाच अंश उतरलं की टायरची हवा साधारण १ पीएसआय उतरते, ती दर थंडीच्या लाटेत बघायची. काचेवर मारायचं पाणी -४० चं. -१५ च्या खाली इंजिनाचा हीटर निघण्याआधी चार तास लावला तरी पुरतं, टायमर घ्या, रात्रभर वीज जाळू नका.

चिनूक
वरचं सगळं बरोबर, पण कॅल्गरीत माणसं पडतात ती -३० ला नाही, +८ नंतरच्या संध्याकाळी. रॉकी पर्वत उतरून येणारा कोरडा वारा खाली येताना दाबला जाऊन तापतो, त्याला चिनूक म्हणतात. भर जानेवारीत काही तासांत पारा वीस अंशांनीही चढतो. पश्चिमेला ढगांची कमान आणि तिच्याखाली निळ्या आकाशाची पट्टी दिसली की तो आला समजा. दुपारी छपरावरचा बर्फ वितळतो, पन्हाळीच्या पाइपातून फुटपाथवर वाहतो आणि सूर्य मावळला की त्याचाच पारदर्शक, म्हणून काळा दिसणारा बर्फाचा थर बसतो. रस्ता नुसता ओला दिसतो. अशा वेळी लहान पावलं, पाय सपाट, हात खिशाबाहेर.

आता बेसमेंट. खिडकीबाहेर जमिनीत पत्र्याचा अर्धगोल खड्डा असतो. त्यात बर्फ साचू देऊ नका, दर वेळी हातानं काढा. चिनूक आला की खड्ड्यातला बर्फ वितळतो, तळाची माती गोठलेली असल्यानं पाणी मुरत नाही आणि चौकटीतून आत गादीवर येतं. शिवाय आग लागली तर बाहेर पडायची वाट बहुधा तीच खिडकी, ती आतून सहज उघडते का हे पहिल्याच दिवशी बघा. पन्हाळीच्या पाइपाचं तोंड भिंतीपासून दोनेक मीटर लांब, उताराकडं आहे ना तेही बघा. नसेल तर घरमालकाला लेखी कळवा. भिंतीतून बाहेर आलेले फर्नेसचे (घर तापवणाऱ्या भट्टीचे) पांढरे पाइप बर्फात बुजले की फर्नेस बंद पडतो, आणि ते नेमकं रात्री दोनला होतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, विचारा.

फर्नेसमुळं घरात हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर लावतात, पण बाहेर -२० असताना आत ३० टक्क्यांवर आर्द्रता नेऊ नका. काचेवर पाणी सुटतं, चौकटीत बुरशी धरते. वरणभात, भाकरी करताना एक्झॉस्ट सुरू ठेवायचाच.

मार्च ते मे रोजची पिशवी अशी: घडी होणारं वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, मोज्यांचा एक कोरडा जोड. पोरीसाठी मोजे आणि हातमोजे दोन-दोन जोड, ती डबक्यात जाणारच. जाड जॅकेट एप्रिलात माळ्यावर टाकू नका, हिवाळी टायरही. गॉगलही लागतो, बर्फावरून उलटणारं ऊन डोळे दुखवतं. मध्यवस्तीत नोकरी असेल तर इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल आहेत, रस्त्यापासून पंधरा फुटांवर, म्हणून नाव ‘प्लस फिफ्टीन’. ऑफिसात साधे बूट ठेवून द्यायचे.

यंत्रमाग
चादरीचं कुणी बोललंच नाही! अक्कलकोट रोडवरची जाड जॅकार्ड चादर सुती असते. बाहेर, ओलीत, गाडीतल्या आणीबाणीच्या सामानात ती कामाची नाही, तिथं लोकरी ब्लँकेट. घरात मात्र चांगली, फर्नेस लावल्यावर रजई जड होते तिथं चादर पुरते. दोन न्या. तिथल्या ड्रायरच्या पूर्ण आचेवर टाकू नका, आटते. मंद आचेवर अर्धवट वाळवून खुर्चीवर पसरा, कोरड्या हवेत तासाभरात खडखडीत होते.

पीठ मात्र दहा किलो नको. तीन महिन्यांत विरी (पिठाचा चिकटपणा) जाते आणि भाकरीच्या कडा फुटतात. तीन किलो न्या, उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. शेंगाचटणी आई म्हणेल तेवढी.

बाळीवेसकर
जॅकेटं, सहा किलो कापडं आणि सात किलो पीठ कमी केलं. आईनं शेवटचं विचारलंय, मेथी-कोथिंबीर कुंडीत कधी लावायची?

चिनूक
बाहेर ठेवायची असेल तर मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर, तोवर पहाटे दहिवर गोठतं. त्याआधी खिडकीत. पण खड्ड्याच्या खिडकीत ऊन कमीच, मेथी लांबोडी होऊन आडवी पडेल. वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंना एक कुंडी ठेवू देता का विचारा, शेंगाचटणी घेऊन जा.